'मागच्याच द्या'

आईची औषधांची एक पिशवी आहे. ठाण्यातल्या राम मारुती रोडवरच्या साडीच्या दुकानात मिळालेली, कापडी, नाडीची. तिच्यात अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, रबरबँड लावलेलं चिठ्ठ्यांचं पुडकं आणि सगळ्यात वर रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा. आई मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवत नाही, रिकामं पाकीट दाखवते. "मागच्याच द्या," म्हणते. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "मावशी, पंधरा दिवसांच्या की महिन्याच्या?" नऊ प्रकारच्या गोळ्यांचा व्यवहार चार मिनिटांत आटोपतो. वर थोडी सूट, आणि सुट्ट्या पैशांऐवजी एक चॉकलेट. आईला मधुमेह आहे.

गेल्या श्रावणात पहाटे उठताना तिचा तोल गेला आणि ती पडली. हाड वाचलं, पण बोलणं जरा असंबद्ध वाटलं म्हणून दवाखान्यात नेलं. रक्तातलं सोडियम १२२ निघालं. ते असायला हवं १३५ ते १४५. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी काय काय औषधं घेतात?" मला सांगता येईना. मी पिशवीच त्यांच्या टेबलावर पालथी केली.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी आईची रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी वाढवली होती. त्या औषधाने काही जणांच्या घोट्यांवर सूज येते, ही डॉक्टरांना पाठ असलेली गोष्ट. आई मात्र ती सूज घेऊन गेली गुडघ्याच्या डॉक्टरांकडे. तिच्या हिशेबात पाय म्हणजे त्यांचं खातं. त्यांनी सुजेवर लघवीची गोळी दिली, पुढे 'दहा दिवस' असं लिहून. दहा दिवस संपले, पण रिकामं पाकीट गठ्ठ्यात राहिलं आणि गोळी दीड वर्ष चालली. थायझाइड जातीच्या या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं. शिवाय रक्तदाबाची दुसरी गोळी टेल्मिसार्टन आणि गुडघ्यांसाठी एसेक्लोफेनॅक रोज चालूच होती. ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडावर भार पडतो, तोही पडायला लागला होता.

पिशवीतली एकेक चिठ्ठी वेगळी वाचली तर चूक म्हणून दाखवता येत नव्हती. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदयाचं पाहिलं, हाडांच्या डॉक्टरांनी हाडांचं. सगळ्या चिठ्ठ्या एका बैठकीत वाचणारा माणूस मात्र त्या दोन वर्षांत एकही भेटला नव्हता. मीही वाचल्या नव्हत्या. मी फक्त पैसे देत होते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. डिस्चार्ज कार्डावर लघवीची गोळी बंद, असं ठळक लिहिलं होतं. दहा-बारा दिवसांनी ती गोळी परत घरात आली. गठ्ठ्यातलं पाकीट कुणी काढलंच नव्हतं.

यावर कुणीही म्हणेल, दोष मेडिकलवाल्याचा. मला तसं वाटत नाही, निदान एकट्याचा तरी नाही. तो दुकान चालवतो आणि समोरचं गिऱ्हाईक ठामपणे मागतं आहे. पाचपाखाडीपासून स्टेशनपर्यंत चालत गेलं तर वाटेत किती मेडिकल लागतात, मोजून पाहा. याने नाही म्हटलं तर माणूस रस्ता ओलांडून पलीकडे जातो. भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचं प्रमाणपत्र असतं आणि काउंटरवर बहुतेक वेळा दुसराच कुणी. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचं. २०१५ च्या नियमांत तर फार्मासिस्टने रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगावं, अशीही अपेक्षा आहे. आमच्याकडे समजावून सांगणं म्हणजे स्ट्रिपवर मार्करने मारलेल्या दोन रेघा, सकाळ आणि संध्याकाळ.

मी मुद्दाम नियम वाचायला घेतले, तेव्हा चकित झाले. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्याखालचे १९४५ चे नियम, त्यातला ६५ क्रमांकाचा. चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, एकूण किती औषध द्यायचं आणि ते कसं घ्यायचं हे हवं. एवढं आपल्याला साधारण ठाऊक असतं. पुढचं नसतं. अनुसूची 'एच', म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची यादी, तिच्यातल्या औषधाची चिठ्ठी एकदाच चालते. पुन्हा चालायची असेल तर डॉक्टरने तसं तिच्यावर लिहायला हवं. किती वेळा, किती दिवसांच्या अंतराने, असं त्याने लिहिलं असेल, तर दुकानदाराने तेवढंच आणि तसंच द्यायचं. आणि दर वेळी दुकानाचं नाव, पत्ता, तारीख त्या चिठ्ठीवर टाकायची.

म्हणजे 'मागच्याच द्या' याची रीतसर सोय ऐंशी वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. डॉक्टरने लिहायचं, 'महिन्यातून एकदा, सहा वेळा.' मेडिकलवाल्याने सहा शिक्के मारायचे. सातव्या वेळी म्हणायचं, मावशी, आता डॉक्टरांना दाखवून या. अशी ओळ लिहिलेली चिठ्ठी मी गेल्या वर्षापर्यंत आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या ओळखीत कुणीच पाहिलेली नाही. चिठ्ठीवर असतं 'चालू ठेवा', आणि ते किती दिवस, हे ज्याने त्याने ठरवायचं.

सरकारला काही औषधांची काळजी वाटते, नाही असं नाही. मार्च २०१४ पासून 'एच-वन' ही वेगळी अनुसूची लागू झाली. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सेसिनसारखी अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या तिच्यात आहेत. दुकानदाराने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. २०१६ मध्ये अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवरच्या लाल रेघेचा प्रचार झाला. हे योग्यच आहे. पण आमच्या आईला भोवली ती वहीत न जाणारी, दोन-तीन रुपयांची साधी गोळी. अशा गोळ्यांचा त्रास एका दिवसात होत नाही, कित्येक महिने साचत जातो. तेव्हा नुसती विक्री रोखून भागणार नाही, अधूनमधून कुणीतरी फेरतपासणी करायला हवी.

ती करणार कोण? माझ्या मते गल्लीतला डॉक्टर, दुसरं कुणी नाही. स्पेशालिस्टच्या पाच मिनिटांत ते बसत नाही, आणि दुसऱ्या स्पेशालिस्टच्या औषधाला हात लावायला तो कचरतो. मेडिकलवाल्याला तो अधिकार नाही. राहता राहिला आपला जुना फॅमिली डॉक्टर, ज्याला घरातले तिघे-चौघे ठाऊक असतात, आजोबांचा पंचा-सदराही ठाऊक असतो. पण त्या डॉक्टरची ठाण्यात आज काय अवस्था आहे?

ठाणी दोन आहेत. एक लोकमान्यनगर, किसननगर, कळव्याच्या बाजूचं. तिथे अजून दवाखाने भरलेले असतात. पडदा, बाकडं, कंपाउंडर, केसपेपरऐवजी नंबरचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. शंभर-दीडशे रुपयांत तपासणी, दोन दिवसांच्या पुड्या आणि हवी तर सुई. डॉक्टरच्या हाताला गुण असतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. दुसरं ठाणं घोडबंदर रोडचं. तिथे तीस मजल्यांच्या टॉवरखाली साखळी मेडिकल, रक्त तपासणारी लॅब, दातांचा दवाखाना, सगळं सापडतं. नुसता ताप बघणारा साधा एमबीबीएस शोधायला मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारावं लागतं. त्या दुकानांच्या भाड्यात साध्या तपासणीचा धंदा बसतच नाही. मग पोट दुखलं की पोटाचा डॉक्टर, डोकं दुखलं की डोक्याचा. प्रत्येकाची फाइल वेगळी, चकचकीत.

पहिल्या ठाण्याचा दोष असा, की डॉक्टर आहे पण कागद नाही. पुडीत काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरने आपल्याच रुग्णाला स्वतः औषध देणं कायद्यात बसतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कष्टकरी माणसाला तेच परवडतं, आणि दोन दिवसांत परत यावं लागतं म्हणून डॉक्टरची नजरही राहते. पण ऑगस्टमध्ये वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत डेंग्यू फिरत असतो. डेंग्यूत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळायची असतात, रक्तस्रावाची भीती असते. तापाचा तिसरा दिवस, प्लेटलेट उतरलेल्या, आणि नव्या डॉक्टरने विचारावं, आधी काय घेतलं? उत्तर येतं, "एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी." आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाचं हेच झालं. तो बरा झाला. पण त्या अर्ध्या गुलाबी गोळीचं नाव अखेरपर्यंत कळलं नाही. चार ओळी लिहून हातात द्यायला डॉक्टरला किती वेळ लागला असता?

काही डॉक्टर खाजगीत सांगतात, नाव लिहून दिलं की पेशंट पुढच्या वेळी येत नाही, सरळ मेडिकलमध्ये जातो. हे खरं आहे. आपणच तसे आहोत. डॉक्टरकडून आपण औषध विकत घेतो, सल्ला घेत नाही. सुई दिली नाही, गोळ्या दिल्या नाहीत, नुसतं 'घरी आराम करा, पाणी प्या' सांगितलं आणि दीडशे रुपये घेतले, तर बाहेर येऊन आपण म्हणतो, "काहीच दिलं नाही हो, नुसते पैसे घेतले."

पिशवीचा प्रसंग घडल्यावर मी आईला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. नौपाड्यात तळमजल्यावर दवाखाना, वय सत्तरीच्या पुढे. म्हणाले, "साडेनऊनंतर या, गर्दी ओसरली की." गेलो. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पिशवी त्यावर रिकामी केली आणि पत्ते पिसल्यावर डाव लावावा तशा स्ट्रिपा ओळीने मांडल्या. पॅन्टोप्रॅझोल आणि रॅबेप्रॅझोल शेजारी शेजारी आल्या. पित्ताच्या दोन गोळ्या, दोन डॉक्टरांच्या, दोन वेगळ्या नावांच्या. "काम एकच आहे काकू, एक पुरे." थायरॉइडची गोळी आई पहाटे उपाशीपोटी घ्यायची, अगदी शिस्तीत, आणि तिच्याबरोबरच कॅल्शियमची. "चार तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियम हिला अंगी लागू देत नाही." मग स्वतःशीच म्हणाले, "म्हणून डोस वाढवत नेला वाटतं." तळपायांना मुंग्या येतात, असं आई वर्षभर सांगत होती, आणि आम्ही सगळे मधुमेहावर ढकलत होतो. त्यांनी बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व तपासायला सांगितलं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने ते कमी होतं, पित्ताच्या गोळ्यांनीही होतं, आणि आई दोन्ही कित्येक वर्षं घेत होती. निघालंही कमीच. गुडघ्याची रोजची गोळी बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. लघवीची गोळी आणि तिचं रिकामं पाकीट त्यांनी स्वतःच्या हाताने टोपलीत टाकलं. हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि अ‍ॅम्लोडिपिन निम्मी केली. नऊच्या सहा झाल्या.

चाळीस मिनिटं गेली होती. मी पर्स उघडून विचारलं, "डॉक्टर, किती द्यायचे?"

ते म्हणाले, "कशाचे?"

थट्टा नव्हती ती. त्यांना खरंच कळेना, कशाचे पैसे घ्यायचे. औषध दिलं नव्हतं, सुई दिली नव्हती, नवा आजार नव्हता. त्यांच्या चाळीसेक वर्षांच्या हिशेबात या कामाचा रकानाच नव्हता. त्या रात्री ज्या कामाने आईचे कदाचित दोन-चार हॉस्पिटलचे मुक्काम वाचले, त्या कामाला आपल्या गावात भाव नाही. भाव नाही म्हणून ते कुणी करत नाही. केलं तर दुकान बंद झाल्यावर, मेहेरबानी म्हणून. माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं. जुन्या औषधांच्या फेरतपासणीला एक ठरलेली, उघड फी असावी. दवाखान्याच्या पाटीवर 'तपासणी' या शब्दाखाली दुसरी ओळ लिहावी, 'चालू औषधांची फेरतपासणी, सहा महिन्यांतून एकदा', आणि पुढे आकडा. तीनशे म्हणा, पाचशे म्हणा. आईच्या तीन गोळ्या कमी झाल्या, त्यात दोन-तीन महिन्यांत तेवढे पैसे सुटले.

माझी मावसबहीण इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्या सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्या तिथल्या दवाखान्याच्या नोंदीत असतात. ठरावीक वेळा चिठ्ठी पुन्हा निघते, ती परस्पर ठरलेल्या केमिस्टकडे जाते, आणि मुदत संपली की फेरतपासणीला बोलावणं येतं. तिकडे सगळं गोड आहे असं नाही. अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावत बसावं लागतं, आणि तिथे पैसा सरकारचा आहे. आपल्याला त्यातलं घ्यायचं ते एवढंच, की जुन्या गोळ्या पुन्हा देणं हेही डॉक्टरचंच काम समजलं जातं, आणि त्याची नोंद एका ठिकाणी असते.

प्रत्येक वेळी माणसाला रांगेत उभं करा, असंही मी म्हणत नाही. रिक्षा चालवणाऱ्याचा अर्धा दिवस जातो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याचीही वाट काढलेली आहे. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या अगदी सुरुवातीला, दूरवैद्यकाची, म्हणजे टेलिमेडिसिनची, मार्गदर्शक तत्त्वं आली. ओळखीच्या रुग्णाला, चालू असलेल्या आजारासाठी, तीच औषधं पुन्हा लिहून देणं त्यात स्पष्टपणे बसतं, अगदी व्हॉट्सअ‍ॅपवरूनही. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो चालतो, डॉक्टरला फी घेता येते, त्याने पावती द्यावी असंही म्हटलं आहे. मादक औषधं आणि अनुसूची 'एक्स' ही आणखी कडक नियंत्रणाची यादी, तेवढी वर्ज्य. आज व्हॉट्सअ‍ॅपवर काय चालतं? रात्री अकरा वाजता रिपोर्टाचा फोटो, खाली जोडलेले दोन हात, आणि डॉक्टरने फुकट उत्तर द्यायचं. त्याने 'हो' असं लिहिलं की ती झाली चिठ्ठी. त्यापेक्षा दोनशे रुपये घ्या आणि तारीख टाकून नीट लिहा.

ज्यांना तेवढेही जड आहेत, त्यांच्यासाठी पालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, आणि १ मे २०२३ ला राज्यभर सुरू झालेले 'आपला दवाखाना' आहेत. उद्घाटनाचे फलक खूप झाले. त्याऐवजी आठवड्यातली एक दुपार ठेवा, पिशवी घेऊन या, असं सांगा. एमबीबीएस डॉक्टर, एक परिचारिका आणि एक छापील तक्ता, एवढंच लागेल. जनऔषधी दुकानांची योजना २००८ पासून आहे आणि स्वस्त गोळी चांगलीच. पण नको असलेली गोळी स्वस्तात मिळूनही नकोच असते.

डॉक्टरांच्या संघटनांकडेही थोडं पाहायला हवं. आधुनिक औषधं कुणी लिहायची, यावर महाराष्ट्रात केवढा वाद पेटला आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमानंतर ती मुभा देण्याची तरतूद २०१४ मध्ये झाली, आणि २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीवरून अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर संपावर गेले. एका वर्षात औषधशास्त्र येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पाच-पाच वर्षं वैद्यक शिकलेल्यांच्या चिठ्ठ्या आमच्या पिशवीत होत्या. औषधांची नावं जेनेरिक आणि वाचता येतील अशा, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच सांगितलं होतं. त्या पुडक्यातल्या अकरा चिठ्ठ्यांपैकी दोन मला वाचता आल्या.

डॉक्टरांनी त्या रात्री शेवटी नेहमीच्या तपासणीचे दोनशे घेतले, तेही मी ठेवूनच दिले म्हणून. मी नियम ६५ चं सांगितलं तेव्हा हसले. "असं आहे होय? आम्ही शिकताना वाचलं असेल." मग चष्मा वर करून चिठ्ठीच्या खाली कॅपिटलमध्ये लिहिलं, महिन्यातून एकदा, सहा वेळा. सही, तारीख, शिक्का.

मेडिकलमधला मुलगा पहिल्या महिन्यात गोंधळला. मालकांना फोन केला, मग दुकानाचा शिक्का शोधायला खालचे तीन ड्रॉवर उपसले. आता सरावलाय. आई पाकिटांचा गठ्ठा नेत नाही, चिठ्ठी नेते, घडीवर फाटू नये म्हणून प्लॅस्टिकच्या कव्हरात. परवा पाचवा शिक्का पडला. "मावशी, अजून एकदाच हां," मुलगा म्हणाला. घरी आल्यावर तिने कालनिर्णयवर पुढच्या महिन्याच्या चौकोनात 'डॉक्टर, रात्री ९।।' असं लिहून ठेवलं, आणि मला म्हणाली, पलीकडच्या विंगेतल्या कुलकर्णीकाकूंचीही पिशवी बरोबर न्यायची आहे.